चौदा सेकंद

मोबाइल बंद ठेवा, असं भिंतीवर लिहिलंय.
त्याच भिंतीखाली परवा माझा व्हिडिओ लावला.
चौदा सेकंद. तीनदा.

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टातला पंखा,
त्याच्याखाली कंपनीचे वकील, आवाज अगदी मऊ:
"ताई, हात तुमचाच ना हा? उजवा? डोक्यावर नेलेला?"

माझा उजवा खांदा उमरेड रोडवर गेला,
टँकरखाली, दीड वर्षापूर्वी.
दोन पट्ट्या, नऊ स्क्रू.
डॉक्टरांच्या कागदावर अडतीस टक्के.
मला टक्के कळत नाहीत.
एका ब्लाउजची बाही कापेपर्यंत
बोटांत मुंग्या भरतात, एवढं कळतं.
दिवसाला आठ शिवायची मी, इतवारीत विचारा कुणालाही.
आता हुक-काज. तेही शेजारणीच्या दयेनं.
वेणी भाची घालून देते,
भांग वाकडा पाडते, मी काही म्हणत नाही.

तर मारबतीचा दिवस.
काळी गेली, पिवळी गेली, मागून बडगे.
गुंजन म्हणाली, "चाल न वं मावशे,
किती दिवस घरातच बसून राहशीन?"
गेले. गर्दीत तिनं फोन समोर धरला.
घरी येऊन गाणं चढवलं, वर लिहिलं:
मावशी फुल्ल फॉर्मात.
एकशे बारा जणांनी पाहिला.
एकशे तेरावा कोण, ते मला आता माहीत आहे.
त्यानं लाइक केलं नाही.
फक्त जपून ठेवला.

गजभिये वकील पायऱ्यांवर म्हणाले होते,
"निर्मलाताई, आता काही टाकू नका, काही काढूही नका.
पुसाल तर म्हणतील पुरावा पुसला."
मी विचारलं, बारशाला जायचंय परवा, हसू की नको?
ते चहा पीत राहिले.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी स्वतःला पाहिलंच नाही.
मागं पाटी होती, हेडाऊ साडी सेंटर.
अक्षरं कशी तरीच.
काना भलत्याच बाजूला, वेलांटी पाठमोरी,
कापड उलट्या अंगानं धरावं तशी.
तीस वर्षं हेच केलं मी,
उलट कुठली, सुलट कुठली.

"साहेब," मी उठून म्हणाले, "कापड उलटं आहे."

खोली गप्प.
"पाटी वाचा. फोननं आरशागत घेतलंय.
वर गेलेला हात डावा आहे माझा.
उजवा खाली आहे, पदरात. तो वर जात नाही."

साहेबांनी चष्मा चढवला.
शिरस्तेदारानं फोन फिरवून बघितला, मग मानही.
कंपनीचे वकील क्षणभर थांबले, मग तेवढ्याच मऊपणे:
"हसू तरी सुलटंच आहे ना, ताई?"

लोक हसले.
मीसुद्धा हसले, काय करणार,
आणि लगेच वाटलं, हेही कुणी टिपलं असेल.

एकवीस तारीख मिळाली.

रात्री गुंजन रडवेली. "मावशे, मले का माहीत असं होईन म्हणून?"
तुला कसं माहीत असणार, म्हटलं. जेव आधी.
मग डाव्या हातानं फोन घेतला,
तिचं गाणं बंद केलं, आणि पाहिलं.

गल्लीतले सगळे ओरडत होते त्या दिवशी,
रोगराई घेऊन जा गे मारबत,
महागाई घेऊन जा गे मारबत.
मी माझं ओरडत होते:
खांद्याची कळ घेऊन जा गे मारबत.
गाण्याखाली ते कुणाला ऐकू आलं नाही,
साहेबांना नाही, एकशे तेराव्याला नाही.

पण तोंड हलताना दिसतं.
कळ म्हणताना ते हसल्यासारखंच उघडतं.
ज्याला वाचायचं त्याला ओठांवरून वाचता येईल,
ओठ काय, उलटे धरा, सुलटे धरा.